भारी साड्यांची चिठ्ठी

"मग भिशीला काढता तशा चिठ्ठ्या काढा ना," नूतन म्हणाली. सकाळपासून ती सासूपाशी हेच घोळवत होती, आणि दर वेळी मंगलाबाई हातातलं गाठोडं जरा जास्तच जोरात आपटत होत्या.

"तुले काय समजस बजारनं?" त्या म्हणाल्या. "माले नको शिकाडू."

"बाजाराचं नाही म्हणत मी, मम्मी. आपल्या दाराचं म्हणतेय."

आतल्या खोलीत मंगलाबाईंचे यजमान वाल्मिक सुरतेजवळच्या पलसाण्याच्या डाइंग मिलमधून रात्रपाळी करून आले होते. त्यांनी कूस बदलली आणि दोघींनी आवाज खाली आणला. भांडण मात्र थांबलं नाही. या घरात ते असंच चालायचं, अर्धं अहिराणीत, अर्धं नूतनच्या शाळेतल्या मराठीत, आणि झोपलेल्या माणसाला उठवणार नाही इतक्या आवाजात.

भांडण साड्यांवरून होतं. सकाळी टेम्पो लॉट टाकून गेला होता. छापून, रंगवून आलेल्या साड्या, त्यांच्यावर खडे चिकटवायचे. काहींना नुसती काठाला एक ओळ, काहींना अंगभर वेल. काठवाली साडी हाताला सवय असली की गप्पा मारता मारता होते. अंगभरवाली मान मोडते, आणि गोंदाच्या वासाने दुपारचं जेवण जात नाही. भाव मात्र दोन्हींना एकच. लॉटमध्ये दोन्ही मिसळून येतात, म्हणून सेठने सरासरी काढून एकच भाव लावला होता. सेठच्या बाजूने ती सरासरी बरोबरही होती. सबंध लॉट एकाच बाईने केला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण लॉट जायचा भेस्तानच्या त्या गल्लीतल्या वीस-बावीस घरांत, आणि सरासरी काही वाटता येत नाही. वाटायच्या असतात साड्या, आणि त्या वाटायच्या मंगलाबाईंनी.

त्या हलकी गाठोडी पलंगाखाली सरकवत आणि भारी दाराजवळ ठेवत. नूतनला लग्न होऊन आल्यावर काही दिवस वाटलं, जागेची सोय असेल. मग तिच्या लक्षात आलं की पलंगाखालची गाठोडी आत येऊन बसणाऱ्या बायकांची असतात आणि दाराजवळची दारात उभ्या राहणारीची.

"भारी सगळ्या मीराबाईंकडेच का जातात?"

"तिचा हात चांगला शे."

"सोनालीकाकूंचा वाईट आहे का?"

"सोनाली घरातली आहे," मंगलाबाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच ते जरा उघडं वाटलं. सोनाली त्यांची चुलत जाऊ. वाल्मिकच्या चुलतभावाची, चिंधाची बायको. गल्लीत पारोळा-अमळनेरकडची जी घरं होती ती सगळी अशीच कुठून ना कुठून घरातली होती.

"आणि मीराबाई आत का येत नाहीत?"

"त्यांना घाई असते."

मीराबाई गल्लीच्या टोकाला राहत, निळा झेंडा लावलेल्या ओळीत. नवरा काशीराम रेल्वेच्या ठेकेदाराकडे रुळांवर काम करून करून गुडघे घालवून बसलेला, मुलगी साक्षी कॉलेजात. त्यांना कुणी कधी आत येऊ नका म्हटलं नव्हतं. या असंही कुणी म्हटलं नव्हतं. चहा त्यांना मिळायचा. बाकीच्यांना कपबशीत, त्यांना कागदी कपात, कारण त्या उभ्या असत, आणि उभ्या माणसाला बशी कशी देणार, असं मंगलाबाईंनी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

"चिठ्ठ्या काढल्या ना," नूतन म्हणाली, "तर तुमच्यावर काही येणारच नाही. ज्याचं त्याचं नशीब."

"अन् लॉटला उशीर झाला तर? तेही नशीब?"

यावर नूतन भांडी घासायला मोरीत गेली आणि भांड्यांवर जे काढायचं ते काढलं. जूनपासून ती उधन्याला ब्यूटी पार्लरच्या क्लासला जाणार होती. सासूने बऱ्याच ओढाताणीनंतर हो म्हटलं होतं, त्यामुळे ती एका मर्यादेपुढे जात नसे.

उशिराची भीती मंगलाबाईंनी काही हवेतून आणली नव्हती. लग्न होऊन सुरतेला आल्या तेव्हा या गल्लीत साड्या जशूबेन वाटायच्या. मुलगा गोपाल मांडीवर असताना मंगलाबाईंनी त्यांच्याकडून पहिलं गाठोडं उचललं, आणि ते भारी होतं. पुढचंही भारी. नवी आली की भारी, हे गल्लीत कुणी शिकवत नसे, सगळ्यांना येतच असे. एकदा धीर करून त्यांनी जशूबेनला विचारलं होतं. जशूबेन हसून म्हणाल्या, "तारो हाथ सारो छे." तुझा हात चांगला आहे. मंगलाबाई ते ऐकून खुलल्या होत्या. घरी येऊन वाल्मिकला सांगितलं होतं. त्या कौतुकावर त्यांनी किती साड्यांवर मान मोडली, ते त्यांच्या मानेलाच माहीत.

जशूबेन मुलाकडे कामरेजला गेल्या तेव्हा लॉट मंगलाबाईंकडे आला. तो हातचलाखीने नव्हे, वेळेवर काम दिल्यामुळे आला. टेम्पोवाला यायचा आणि गाठोडी बांधून तयार असायची. ती तयार असायची, कारण भारी साड्या मीराबाईंकडे जायच्या आणि मीराबाई त्या वेळेआधी आणून टाकायच्या, एकही खडा न निघता, गोंदाचा एकही डाग न पडता. म्हणजे गल्लीचा सगळा वेळेवरपणा गल्लीच्या टोकाला बसलेल्या एका बाईच्या बोटांवर उभा होता, आणि ती बाई दारात उभी राहायची.

मागच्या गल्लीतल्या सरलाबाईंचं काय झालं, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी भाव वाढवून मागितला. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी रागावलंही नाही. टेम्पो त्यांच्या दारात थांबायचा बंद झाला, इतकंच. पहिले काही दिवस सरलाबाई तो वळणावर दिसला की ओट्यावर येऊन उभ्या राहत. आता त्या खमण-ढोकळ्याच्या एका कारखान्यात मिरच्या निवडतात.

भांडण तिथेच राहिलं, कारण दुपारी पारोळ्याहून फोन आला. मंगलाबाईंचे थोरले मामा गेले. गाडी मिळेल ती पकडून जायला हवं होतं. जाताना त्यांनी नूतनला बजावलं की गाठोडी लावलेली आहेत, जी जिची ती तिला दे, काही शहाणपण करू नको. नूतनने मान हलवली. मान तिने खाली हलवली की आडवी, हे गडबडीत मंगलाबाईंनी पाहिलं नाही.

दहाव्याचं उरकून त्या परत आल्या तेव्हा लॉट वेळेवर गेलेला होता आणि गल्लीत सगळ्या बायका त्यांच्याशी हसून बोलत होत्या. त्यांना लगेच संशय आला.

मग हळूहळू कळलं. नूतनने भिशीचाच स्टीलचा डबा घेतला होता. चिठ्ठ्या केल्या, सगळ्या बायकांना ओट्यावर बोलावलं आणि सोनालीच्या धाकट्या मुलीकडून एकेक काढवली. मीराबाईंनाही निरोप होता, आणि त्या आल्या होत्या. त्यांच्या नावाने हलकं गाठोडं निघालं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, जशी भिशी लागली. भारी निघालं सोनालीला आणि आणखी चार-पाच जणींना.

इथवर नूतनच्या मनासारखं झालं. पण भिशीचा एक रिवाज त्या गल्लीत होता, तो सगळ्यांच्या अंगात इतका मुरलेला की त्याचा विचार करावा लागत नसे. भिशी एखादीला लागते, पण तिला त्या महिन्यात गरज नसते आणि दुसरीच्या घरी लग्न निघालेलं असतं. मग पहिली आपली चिठ्ठी दुसरीला देते आणि दुसरी तिच्या हातावर वरचं काहीतरी ठेवते. यात वाईट काही नाही, उलट अडीनडीला उपयोगी. सोनालीकडे त्या दिवशी पाहुणे यायचे होते. तिने आपलं भारी गाठोडं उचललं, मीराबाईंकडे गेली, त्यांचं हलकं घेतलं आणि वर साडीमागे चहापुरते पैसे देईन म्हणाली. ते पाहून दुसरी गेली. मग बाकीच्या गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळी भारी गाठोडी, चिठ्ठीतून निघून, पाय फुटल्यासारखी चालत चालत गल्लीच्या टोकाला जाऊन पोचली होती, जिथे ती नेहमीच जायची.

हे ऐकून मंगलाबाई प्रवासाचा शीण विसरून हसल्या. "म्हंजे माझंच काम केलंस तू," त्या नूतनला म्हणाल्या. "फक्त वर पैसे टाकून."

"चिठ्ठ्या खऱ्या निघाल्या होत्या," नूतन म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"बरं झालं. हौस फिटली."

वाल्मिक पाटावर बसले होते. "जेवाले वाढा व पह्यले," ते म्हणाले. त्या दिवशी तो विषय संपल्यासारखा वाटला.

पुढच्या लॉटला मंगलाबाईंनी नेहमीसारखी गाठोडी लावली. हलकी पलंगाखाली, भारी दाराशी. मीराबाई आल्या. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या, चपला काढल्या आणि आत आल्या. पलंगाच्या कडेला बसल्या. त्यात काही आव नव्हता, पाय दुखणारी बाई बसते तशा बसल्या. मंगलाबाई म्हणाल्या, "चहा टाक गं नूतन." नूतनने चहा कपबशीत आणला.

मीराबाई बशीत ओतून चहा प्यायल्या आणि मग बोलल्या.

"मंगलाबाई, मी आजवर समजत होते, लॉट येतो तसा येतो. त्यात भारी आणि हलकं असं तुम्ही-आम्ही काय करणार. परवा सोनालीने स्वतःच्या हाताने पैसे आणून दिले तेव्हा कळलं, की याला भाव आहे. आणि तो तिलाही माहीत होता."

"ती पोरगी अडली होती म्हणून."

"असेल. पण सगळ्याच अडल्या होत्या?" मीराबाईंनी बशी खाली ठेवली. "माझं काही भांडण नाही. वरचे पैसे असले तर भारी मीच करते, मला येतं. नसले तर चिठ्ठी टाका, माझ्या वाट्याला येईल तेवढंच नेईन."

"तुमचा हात..." मंगलाबाई म्हणू लागल्या आणि थांबल्या. ते वाक्य जशूबेनच्या आवाजात त्यांच्या कानात येऊन बसलं होतं.

मीराबाई त्या दिवशी एकही गाठोडं न घेता गेल्या. म्हणाल्या, ठरलं की निरोप द्या.

मग मंगलाबाईंची गल्ली फिरून झाली. सोनाली म्हणाली, "भाभी, पैसे देऊन वर काम द्यायचं, हे कुठलं गणित? भिशीत निदान आपलेच परत मिळतात." एकदा दिले ते पाहुणे होते म्हणून, ती म्हणाली, रोज पाहुणे येत नाहीत. मग चिठ्ठीत आलेली भारी साडी स्वतः करशील का, असं विचारल्यावर तिला अचानक आपली मान आठवली, डोळ्यांचा नंबर आठवला. दुसऱ्या घरीही तेच. चिठ्ठी कुणालाच नको होती आणि मीराबाईंना पैसे द्यायचेही कुणाला नव्हते. सगळ्यांचं म्हणणं एकच, की पहिल्यासारखं तुम्हीच वाटा, तिला तुम्ही सांगा, तुमचं ऐकते ती. कुणीही मीराबाईंबद्दल वाईट बोललं नाही. एक-दोघी तर म्हणाल्या, बिचारी किती करते.

तयार माल न्यायला टेम्पो यायला दोन दिवस उरले होते. मंगलाबाई सकाळी आवरून बसने रिंगरोडला सेठच्या दुकानी गेल्या. चौथ्या मजल्यावरचं दुकान, पांढऱ्या गाद्या, एका कोपऱ्यात साड्यांचे फोटो काढायला लावलेला दिवा. सेठ वयाने गोपालएवढाच. त्याने उठून "आवो बेन" केलं, थंड पाणी मागवलं, चहा मागवला. मंगलाबाईंनी हिंदीत समजावलं, की भारी साडीला वेगळा भाव लावा, हलकीचा थोडा कमी करा हवा तर, तुमचं मिळून तेवढंच होईल. वाटेत बसमध्ये त्यांनी हे इतक्यांदा जुळवलं होतं की बोलताना त्यांना स्वतःलाच ते फार सरळ वाटलं.

सेठने नीट ऐकलं. मग फोन पुढे केला आणि दाखवलं. साडीचा फोटो, खाली किंमत. अंगभर वेलाची आणि नुसत्या काठाची, दोन्ही एकाच किमतीला. लोक मोबाइलवर फोटो पाहून घेतात, तो म्हणाला, खडे कोण मोजतं. "मनेय उपरथी एक ज भाव मळे छे, बेन." त्यालाही वरून एकच भाव मिळत होता. त्याच्या वर कोण होतं, ते मंगलाबाईंनी विचारलं नाही. त्याच्याही वर कुणीतरी असणार आणि त्यालाही वरून एकच भाव येत असणार, असं त्यांना वाटून गेलं. आणि वर पाहत गेलं तर मान दुखण्यापलीकडे हाती काही लागणार नव्हतं.

उठताना तो अगदी आपुलकीने म्हणाला, "आपको तकलीफ हो तो बोल देना. गाड़ी दिंडोली मोड़ दूँगा. वहाँ भी बाई लोग बहुत हैं."

तो धमकी देत नव्हता. खरंच त्यांची तकलीफ कमी करायला बघत होता. तेच मंगलाबाईंना जास्त लागलं. धमकी असती तर भांडता आलं असतं.

परत येताना बसायला जागा मिळाली, पण त्या उभ्याच राहिल्या.

घरी संध्याकाळी सगळे होते. गोपाल इच्छापोरच्या कंपनीतून येऊन फोन बघत बसला होता. वाल्मिक रात्रपाळीला निघायच्या तयारीत, डबा भरून व्हायची वाट पाहत होते. नूतन भाकऱ्या थापत होती. मंगलाबाईंनी सेठचं सांगितलं. नूतन म्हणाली, मग एकच उरतं, आपल्याला वाटण्याबद्दल साडीमागे जे सुटतं, त्यातून मीराबाईंना वरचं देऊ.

"ते दिधं तर भाडं कोन भरी?" वाल्मिक म्हणाले, आणि खोकला आला म्हणून थांबले. रंगाची वाफ आत घेऊन घेऊन त्यांना आता बोलणं पुरं करता येत नसे. गोपाल फोनमधून मान न काढता म्हणाला, की मीराबाईंनाच सांगा, करायचं तर कर नाहीतर राहू दे, बायकांना काय तोटा.

"त्यांनी राहू दिलं तर भारी साड्या कोण करणार?" नूतनने विचारलं.

तव्यावर भाकरी फुगली आणि तिने ती उलटली.

मंगलाबाई दाराशी गेल्या. भारी गाठोडी तशीच तिथे होती, उंबऱ्याला टेकून. त्यांना वाटलं, मीराबाईंकडे जावं आणि म्हणावं, यापुढे नाही होणार, या खेपेला तेवढं करा. मीराबाईंनी केलंही असतं. पुन्हा दारात उभ्या राहून नेलंही असतं, आणि पुढच्या खेपेला मंगलाबाईंनी पुन्हा हेच म्हटलं असतं. ते वाक्य किती दिवस चालतं ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. आपला वाटा सोडवत नव्हता. सोनालीला दुखवलं तर उद्या घरातल्या लग्नाकार्याला तिचंच तोंड बघायचं होतं. टेम्पो थांबायला हवा होता. जिकडे हात लावावा तिकडे कुणीतरी आधीच बसलेलं होतं, आणि सगळे आपलेच.

त्यांनी एक गाठोडं उचललं आणि ते आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. मग दुसरं. नूतन थापणं थांबवून बघत राहिली. तिला वाटलं, सासूबाई जागा बदलताहेत. वाल्मिकांनी पायात चपला सरकवल्या होत्या, ते गाठोड्यांना वाट देत भिंतीशी सरकले. शेवटचं गाठोडं आत गेल्यावर दाराजवळची जागा एकदम रिकामी दिसली, फरशीवर तेवढ्या भागाचा रंग वेगळा.

मंगलाबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि गाठोड्याची गाठ सोडायला बसल्या.

"भारी साड्या आजपासून आपल्या घरात होतील," त्या म्हणाल्या. "गल्लीत सगळ्यांना हलक्याच जातील. मीराबाईलाही. दिवसभर मी बसेन, दुपारी नूतन बसेल, सुट्टीला गोपाल. नूतन, पार्लरच्या क्लासला फोन करून सांग, जूनपासून येत नाही म्हणून."